आज्ञा देवाची, ड्युटी माझी

देवाच्या आज्ञेत राहायचं ठरवलंय? फार छान. मग आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. बायबलमध्ये आज्ञा भरपूर आहेत, सगळ्यांच्या मागे लागायचं कारण नाही. जिचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं अशी एखादी निवडायची आणि ती अगदी काटेकोर पाळायची. मंडळीपुढे साक्ष द्यायला तेवढी पुरते.

उपास धरा, आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या माणसांना खा.

क्षमा करायची आज्ञा समोरच्याला आहे, हे ध्यानात ठेवा. तुम्ही तोंडाला येईल ते बोलून मोकळं व्हायचं. किती वेळा क्षमा केली ते सातांच्या सत्तर वेळांपर्यंत मोजत बसायचं काम त्याचं.

कुणी अडचणीत असेल तर "प्रार्थनेत आठवण ठेवते हं" म्हणा आणि पैशाचा विषय निघायच्या आत फोन ठेवा. उघड्या-उपाशी माणसाला "ऊब घे, तृप्त हो" म्हणून वाटेला लावणाऱ्यांबद्दल याकोबानं पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बरंच काही लिहून ठेवलंय. पण ते पान उघडतंय कोण!

दशमांश, म्हणजे कमाईतला देवाचा दहावा वाटा, चर्चला पहिल्या तारखेला द्या. पाकिटात घालून, वर ठळक नाव लिहून. धुणंभांडीवाल्या मावशींचा पगार मात्र "बघू की पंधरवड्यात". गरिबाची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असं बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे, पण मावशींना कुठं अध्याय माहीत असतात?

आता मुख्य उपाय. रविवार पाळणे. नोकरी दवाखान्यात असेल तर हा अगदी रामबाण. इन्चार्ज सिस्टर ड्युटी लावायला बसल्या की शेजारी जाऊन उभं राहायचं आणि मऊ आवाजात म्हणायचं, "मला रविवार नको हं सिस्टर, प्रभूचा दिवस असतो." त्या हिंदू असल्या तर आणखी बरं, कुणाच्या धर्मात कशाला पडा म्हणून गप्प बसतात. तरीही नाव लागलंच तर शनिवारी रात्री उशिरा मेसेज टाकायचा, 'येऊ शकत नाही, समजून घ्या', आणि मोबाईल बंद.

गेल्या रविवारी हा उपाय माझ्यावर झाला. नाइट संपवून सकाळी आठला मी हँडओव्हरची वही घेऊन उभी, आणि घ्यायला कुणीच नाही. पाच नंबरला गगनबावड्याकडचे एक आजोबा, गळ्यात नळी, सारखं सक्शन करायला लागतंय. घरघर सुरू झाली की त्यांची म्हातारी कॉटखालच्या चटईवरून उठायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. अशा वेळी पर्स उचलून लिफ्टकडे जाऊन दाखवा! दहा वाजता त्याच म्हातारीनं विचारलं, "सिस्टर, तुमी अजून घरी न्हाई गेलासा?" काय सांगू तिला? माझ्या जागी येणारी बाई देवाचं ऐकायला गेलीय?

दुपारी मोबाईल बघितला तर बाईसाहेबांचं स्टेटस. काठपदराची साडी, मागं चर्चची कमान, खाली स्तोत्र 84 मधलं वचन : तुझ्या अंगणातील एक दिवस सहस्र दिवसांपेक्षा उत्तम आहे. असणारच की! तो दिवस माझ्या झोपेतनं कापून घेतलाय! आणि संध्याकाळी रंकाळ्यावर सहकुटुंब भेळ. तोही विसाव्याचाच भाग असावा.

सोमवारी विचारलं तर मान तिरकी करून उत्तर आलं, "अगं, आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे." प्रेषितांची कृत्ये, अध्याय पाच. बाई, वचन मलाही पाठ आहे, तुझ्याच बाकावर बसून संडे स्कूल केलंय मी. पण येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, हे वाक्य म्हटलं ते न्यायसभेपुढे, आदल्या रात्री तुरुंगात राहून आल्यावर. आणि त्याच अध्यायात पुढे फटके खाल्ले ते त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी, आपापल्या पाठीवर. तिथल्या पहारेकऱ्याला "माझे तेवढे तू खा, मला प्रार्थनेला उशीर होतोय" असं काही तो म्हणाला नाही.

आणि विसाव्याचा दिवस पाळायला सांगणारी, दहा आज्ञांतली ती चौथी आज्ञा तरी पुरती वाचलीय का कुणी? (शब्बाथ, म्हणजे हा विसाव्याचा दिवस, मुळात शनिवारचा, पण तो वाद इथे नको.) विसावा एकट्या तुला सांगितलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांची नावं घातलीत. तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, असं अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारणासकट दिलंय. मी हिच्याच गल्लीत राहते. रविवारी दोन वाजता हिच्या मोरीत तांबड्या रश्श्याचा तवंग चढलेली पातेली राखेनं घासत मावशी बसलेल्या असतात. वर पाहुण्यांच्या ताटांचा ढीग. त्यांचा रविवार कुठल्या वारी येतो?

अठरा वर्षं कंबरेत वाकलेली एक बाई येशूनं शब्बाथाच्या दिवशीच सरळ उभी केली. सभास्थानाचा अधिकारी चिडून लोकांना म्हणाला, कामाला सहा दिवस आहेत, तेव्हा येऊन बरे व्हा. लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभू त्याला सरळ ढोंगी म्हणतो. आमच्या ड्युटी लिस्टच्या भांडणात हा अधिकारी कुणाच्या बाजूनं बोलला असता, ते सांगायला पाळकसाहेब कशाला हवेत?

देवाचं न ऐकणारा संदेष्टा योना जहाजाच्या तळाशी घोरत होता आणि वादळात माल समुद्रात फेकायची पाळी खलाशांवर आली. देवाचं ऐकणारा प्रेषित पौल तसल्याच वादळात जहाजावर होता, तर 276 माणसं जिवंत किनाऱ्याला लागली. जहाज बुडायच्या बेतात असताना त्यानं त्यांना जेवायला लावलं. आज्ञा पाळणारा माणूस शेजारी असला की शेजाऱ्याचं ओझं हलकं व्हायला पाहिजे ना? आपल्या भागात मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत दवाखाना काढला. तिथं रविवारी आजारी पडायला बंदी होती, असं मी तरी ऐकलेलं नाही.

थट्टा बास. तू उपासनेला जाऊ नकोस असं कुणी म्हणत नाही. जा. मलाही जायचं असतं. पण दर रविवारी तू बाकावर आणि दर रविवारी मी वॉर्डात, हा विश्वास नव्हे, हा निव्वळ आपमतलबीपणा आहे, आणि त्याला प्रभूचं नाव लावायला तुला लाज वाटत नाही. वॉर्डातल्या पोरी तुझ्याकडे बघून आपल्या सगळ्यांना तोलतात. परवा एक जण म्हणाली, "तुम्हा लोकांचा देव बरा आहे, सुट्ट्या देतो." मला तोंड वर करून बोलता आलं नाही.

येत्या रविवारची सकाळ तू घे. संध्याकाळीही उपासना असते, तिला जा. त्याच्या पुढचा रविवार मी करीन, आपण पाळीपाळीनं करू. रविवारी मावशींना सुट्टी दे, पगार न कापता. पातेली तुझी तू घास. आणि त्यांचे राहिलेले पैसे आज दिवस मावळायच्या आत देऊन टाक.