समज द्यावी

परवा रात्री एका ताईंचा फोन आला. कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता त्यांना. बोलण्याआधी त्यांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. मुलाच्या शाळेच्या डायरीचं पान, तारीख मार्चमधली, लाल शाईत लिहिलेलं: "वर्गात मुद्दाम आवाज काढतो. मान उडवून मुलांना हसवतो. घरी समज द्यावी."

तो फोटो मी बराच वेळ बघत बसलो. १९९६ साली, मी पाचवीत असताना, माझ्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर जवळजवळ हेच लिहून आलं होतं. "मुद्दाम" हा शब्द तिथेही होता आणि "समज द्यावी" तर जसंच्या तसं. वडिलांनी त्या संध्याकाळी मला समज दिली. पट्ट्याने.

मला टूरेट सिंड्रोम आहे, म्हणजे मनात नसताना अंग झटकतं आणि तोंडून आवाज निघतात. माझ्या जवळच्या माणसांना माहीत आहे, इथे मोकळेपणाने पहिल्यांदाच लिहितोय.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सहा-सात वर्षांचा असेन, डोळे सारखे मिचकवायचो. कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, थेंब मिळाले. वर्षभराने ते कमी झालं आणि मान उजवीकडे झटकायला लागलो. मग घशातून "हुं, हुं" सुरू झालं. त्यासाठी खोकल्याचं औषध, ज्येष्ठमध, खडीसाखर. आजीने दर शनिवारी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. एकाही डॉक्टरला डोळे, मान आणि घसा ही तिन्ही प्रकरणं एकच आहेत असं वाटलं नाही, कारण तिन्ही एका वेळी एका माणसासमोर कधी आलीच नाहीत. एक जातं, दुसरं येतं, महिनाभर सगळं शांत असतं, परीक्षा आली की पुन्हा उसळतं. हा आजार असाच चालतो.

पण आज मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. आयुष्यात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य: "मनात आणलं तर थांबतो की!"

हो, थांबतो. हेच तर समजावून सांगणं अवघड आहे. मी आवाज दाबू शकतो. पाच मिनिटं, कधी पंधरा, फारच जोर लावला तर अख्खा तास. पाहुणे आले की मी दाबायचो, आणि ते गेल्यावर वडील म्हणायचे, "बघ, तेव्हा बरा गप्प बसला होतास."

झटक्याच्या आधी एक उबळ येते. खोकल्याची येते तशी, पण मानेत, खांद्यात, पापणीत. तुम्ही पंगतीत वाढताय, दोन्ही हातांत उकळत्या आमटीची बादली आहे आणि नाकावर माशी बसलीय. तुम्ही बादली सोडत नाही. ओळ संपेपर्यंत वाढत राहता. पण त्या वेळात समोरचा काय बोलला ते तुम्हाला कळतं का? भात कुणाला हवा होता ते ऐकू येतं का? सगळा जीव नाकाच्या शेंड्यावर असतो. मी शाळेत अख्खा तास-तास असा बसलोय. बाईंना दिसायचा एक शांत बसलेला मुलगा, ज्याचं शिकवण्याकडे लक्ष नाही. आणि घरी पाऊल टाकलं की दिवसभराचं साठलेलं बाहेर यायचं. आई दार लावून घ्यायची. मान झटकून झटकून रात्री उशीवर डोकं टेकवणं मुश्कील व्हायचं. शाळेतले म्हणायचे, आमच्याकडे तर नीट असतो, तुमचे लाड नडतात. आईने हे किती वर्षं ऐकून घेतलं असेल!

दहावीच्या वर्षी क्लासमध्ये एका मुलीच्या भावाने मला जिन्यात गाठलं. मी तिला डोळा मारतो, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. माझा उजवा डोळा त्या महिन्यात दर मिनिटाला मिटत होता, भिंतीकडे बघतानाही. मी सांगायचा प्रयत्न केला आणि घाबरल्यामुळे तो त्याच्यासमोरच दोनदा मिटला. त्याने कानशिलात लगावली. त्याचा राग मला आजही समजतो. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मी मुलींशी बोलताना जमिनीकडे बघून बोललो. कॉलेजात तर एकदा फिट आली समजून एकाने माझ्या नाकाला चप्पल लावली होती.

आजाराला नाव मिळालं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पुण्यात मेंदूविकारांच्या डॉक्टरांसमोर पहिली वीस मिनिटं मला काहीही झालं नाही. एक झटका नाही, एक आवाज नाही. आई रडकुंडीला आली, इतक्या लांबून येऊन हा नेमका शांत! डॉक्टर म्हणाले, असंच होतं, आणि ते मान खाली घालून कागदावर लिहीत बसले. माझ्याकडे कुणी बघत नाही म्हटल्यावर पाचव्या मिनिटाला मान उडाली. (आता मोबाइल आहेत. मुलाला डॉक्टरकडे नेणार असाल तर घरातला व्हिडिओ काढून न्या. फार उपयोग होतो.)

परतताना स्वारगेटला वडिलांनी उसाचा रस पाजला. गाडीत एक शब्द बोलले नाहीत. खंबाटकी घाट उतरल्यावर एकदम म्हणाले, "दुखायचं का रे?" मला वाटलं पट्ट्याबद्दल विचारतायत. ते मानेबद्दल विचारत होते. मग म्हणाले, "आमचे दादा पण असंच खाकरायचे. आम्हाला वाटायचं तंबाखूने." हा आजार बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते त्यांच्या डोक्यात फिरत असणार.

हे नवीन काही नाही. जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरने १८८५ साली अशा नऊ रुग्णांचं वर्णन छापलं, म्हणून त्याचं नाव. हालचालींचे निदान दोन प्रकारचे झटके आणि निदान एक आवाज, वर्षाहून जास्त काळ चाललेले आणि अठरा वर्षांच्या आत सुरू झालेले, असं असेल तर त्याला टूरेट म्हणतात. साधारण पाच ते सात या वयात सुरू होतं, दहा ते बारा या वयात सगळ्यात जोरात असतं, आणि बऱ्याच जणांचं मोठेपणी पुष्कळ कमी होतं. मुलींपेक्षा मुलांमध्ये तीन-चार पट जास्त आढळतं. दहा ते बारा म्हणजे पाचवी-सहावी, नेमकं जेव्हा वर्गात हसं होणं जिवावर येतं, तेव्हाच हे शिगेला पोचलेलं असतं. सोबत अनेकांना लक्ष न लागण्याचा किंवा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटण्याचा त्रास असतो. मला दुसरा होता. कडी लावली का, हे रात्री चार-चारदा उठून बघायचो.

आणि शिव्यांचं. लोकांना टूरेट म्हटलं की शिव्या देणारा माणूस आठवतो, कारण रील्समध्ये तेच दाखवतात. तोंडून नको ते शब्द जाणं हे दहा-पंधरा टक्के लोकांमध्येच असतं. ज्यांना असतं त्यांचे हाल तर विचारू नका, त्या रील्सवर कृपा करून हसू नका. २०१८ साली राणी मुखर्जीचा 'हिचकी' आला, त्यानंतर मला समजावणं थोडं सोपं झालं, एवढं मी नक्की म्हणेन.

उपचार आहेत. गोळ्यांनी माझे झटके निम्मे झाले, पण झोपही खूप यायची, वजन वाढलं, म्हणून पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केल्या. दुसरी एक पद्धत आहे, वागणुकीच्या प्रशिक्षणाची. उबळ आली की ओळखायची आणि त्या क्षणी झटक्याच्या आड येणारी दुसरी हालचाल करायची. मानेसाठी मी हनुवटी हळूच खाली घेऊन धरतो, उबळ ओसरेपर्यंत. हे शिकवणारी माणसं मोठ्या शहरांतही शोधावी लागतात, गावाकडे तर नावच नको. मला वाटतं, याबद्दल आपण खरं तर आरडाओरडा करायला हवा.

मन एखाद्या कामात बुडालं की उबळ आपसूक मागे सरते. माझ्यासाठी ते काम पखवाज. आमच्या भजनी मंडळातल्या एका आजोबांनी मी बारा वर्षांचा असताना काही न विचारता कणकेचा गोळा माझ्या हातात दिला आणि पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, कशी लावायची ते दाखवलं. पुढचे दोन तास मान हलली नाही. गावात लगेच सुरू झालं, "पखवाजावर बसला की बरा असतो, म्हणजे ढोंगच की!" आजोबा एवढंच म्हणाले, "मग त्याला बसू द्या की पखवाजावर."

१५ मे ते १५ जून हा काळ अमेरिकेत टूरेटच्या जागृतीचा महिना म्हणून पाळतात. आपल्याकडे हा सगळा काळ उन्हाळ्याच्या सुट्टीत जातो. शाळेची घंटा होते तेव्हा तो संपलेला असतो. म्हणून हे आज लिहिलं. त्या ताईंना नव्या वर्गशिक्षिकेसाठी मी एक चिठ्ठी लिहून दिली आहे. कुणाला लागली तर घ्या, हवी तशी बदला.

"आदरणीय बाई,
माझ्या मुलाला टूरेट सिंड्रोम आहे. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. तो मान झटकतो आणि घशातून आवाज काढतो, ते त्याच्या हातात नाही. थोडा वेळ तो दाबू शकतो, पण तेव्हा त्याला तुमचं शिकवणं ऐकू येत नाही. 'थांबव' म्हटलं की ते वाढतं. त्याला दाराजवळच्या बाकावर बसवाल का? फारच झालं तर न विचारता पाच मिनिटं बाहेर जाऊन यायची मुभा द्यावी. परीक्षेला वेगळी खोली मिळाली तर तो नीट लिहील. मुलांना त्याच्याबद्दल सांगायला तो स्वतः तयार आहे, तुम्ही सोबत उभ्या राहिलात तर. मागच्या वर्षी त्याला खूप समज दिली गेली. यंदा त्याने आवाज काढला तर तुम्ही फळ्यावर लिहीत होतात तसंच लिहीत राहा, एवढी विनंती.
आपली,
त्याची आई"