उघडा फोल्डर हलवला म्हणून फाइली खराब होत नाहीत

“फोल्डर उघडा असताना कट-पेस्ट करू नका, आतल्या फाइली करप्ट होतात. विंडो रिकामी दिसली की डेटा गेला समजा. आधी विंडो बंद करा, मग काही धोका नाही.” हा सल्ला सर्रास फिरतो. त्यातले तिन्ही दावे चुकीचे आहेत आणि तिसऱ्यामुळे खरंच नुकसान होऊ शकतं.

आधी करप्ट होण्याचं बघू. एकाच ड्राइव्हवर फोल्डर हलवला की आतल्या फाइली जागच्या हलतही नाहीत. बदलते ती फक्त नोंद, की हा फोल्डर आता अमक्याच्या आत आहे. म्हणून तर ५० जीबीचा फोल्डरही क्षणात हलतो. फाइलींना हातच लागला नाही, तर त्या बिघडतील कशाने?

रिकाम्या विंडोचं कारण वेगळं आहे. लिनक्सवर टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या विंडोतून) एखाद्या फोल्डरात जा आणि दुसरीकडून त्या फोल्डरचं नाव बदला. आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते सांगणारी ‘पीडब्ल्यूडी’ (pwd) ही कमांड जुनाच पत्ता सांगेल, पण फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ (ls) दिल्यावर सगळ्या फाइली दिसतील. ‘पीडब्ल्यूडी’ला मोठ्या ‘पी’चा पर्याय जोडा (pwd -P), नवा पत्ता मिळेल. टर्मिनलने फोल्डर धरून ठेवलाय, शिळा झालाय तो पत्ता. फाइल मॅनेजरचंही, म्हणजे फोल्डर विंडोत दाखवणाऱ्या प्रोग्रामचंही, तेच होतं. फाइल-फोल्डरमधले बदल प्रोग्रामना कळवणारी लिनक्सची सोय, आयनोटिफाय, ‘हा फोल्डर हलला’ एवढं कळवते, कुठे गेला ते त्या सूचनेत नसतं. मॅकचा फाइल मॅनेजर, फाइंडर, फोल्डरचा माग ठेवतो, त्यामुळे तिथे उघडी विंडो चालूच राहते. जो फाइल मॅनेजर पत्त्यावरच विसंबतो, तो ‘फोल्डर सापडत नाही’ म्हणतो. फाइली नव्या जागी सुखरूप असतात.

विंडोज ‘दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आहे’ म्हणून अडवतं, तेव्हाही घाबरू नका. बहुधा आतली एखादी फाइल उघडी असते किंवा कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधलं टर्मिनल) त्याच फोल्डरात असतो.

आता विंडो बंद करण्याचं. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवणं म्हणजे आधी कॉपी, मग मूळ डिलीट. त्या मधल्या वेळात पेन ड्राइव्ह उपटला तर नुकसान होऊ शकतं, विंडो बंद असो वा उघडी. दुसरा धोका एडिटरमध्ये उघड्या राहिलेल्या फाइलचा. फोल्डर हलल्यावर विम या टेक्स्ट एडिटरमध्ये सेव्ह करायला गेलात तर जुना पत्ता न सापडून ‘ई२१२’ (फाइल लिहिण्यासाठी उघडता येत नाही) ही चूक येऊ शकते. ती न वाचता एडिटर जबरदस्तीने बंद केलात, तर तेवढं लिखाण खरंच जातं.

म्हणून हलवण्याआधी आतल्या फाइली सेव्ह करून बंद करा. पेन ड्राइव्हवर न्यायचं असेल तर कट करूच नका. कॉपी करा, तिथल्या दोन-चार फाइली उघडून बघा, मग मूळ फोल्डर डिलीट करा.