इटालियन लोकांना चर्च आयतं मिळालं? नाही हो, आधी तळघर मिळालं

सध्या एक मेसेज फिरतोय, की अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांचं बरं होतं, ते कॅथलिक, तिथे कॅथलिक चर्च आधीपासून होतीच, त्यामुळे सगळं आयतं मिळालं. पुढे असंही लिहिलंय की ते फारसे धार्मिक नव्हतेच, फक्त जत्रेपुरते यायचे, आणि आता तर तीही संपली. वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून न्यूयॉर्कमधल्या ईस्ट हार्लेमचं सांगतो.

आयतं म्हणताय ना, तर ११५व्या स्ट्रीटवरचं माउंट कार्मेलच्या मेरीमातेचं चर्च १८८४ सालचं. त्याच्याही दोन-तीन वर्षं आधी दक्षिण इटलीतल्या सालेर्नोकडच्या पोल्ला गावाहून आलेल्या लोकांनी अडीनडीला एकमेकांच्या उपयोगी पडायला मंडळ काढलं होतं आणि एका घराच्या अंगणात मेरीमातेचा उत्सव सुरू केला होता. चर्चच्या बांधकामालाही हेच लोक दिवसभर मजुरी करून मग संध्याकाळी यायचे, कोणी घोडा द्यायचं कोणी गाडी. आणि एवढं करून प्रार्थनेला जागा कुठे मिळाली, तर खाली तळघरात! वरचा हॉल आयरिश आणि जर्मन कॅथलिकांना. हे १९१९ पर्यंत चाललं. १९०४ ला पोपच्या परवानगीने मेरीमातेच्या मूर्तीला मुकुट चढवला, केवढा मोठा मान तो, तरी मूर्ती वर यायला १९२३ उजाडलं. याला आयतं कसं म्हणायचं?

आता धार्मिक नव्हते हा मुद्दा. पुरुष दर रविवारी चर्चला जायचे नाहीत हे खरंय, आणि आयरिश पाद्री त्यावरून नावं ठेवायचे. पण दक्षिण इटलीत गावचा पाद्री बऱ्याचदा जमीनदाराच्या बाजूचा, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार, म्हणून त्यांचा देव घरात, नवसात आणि रस्त्यावरच्या मिरवणुकीत होता. उत्सवाच्या दिवशी, १६ जुलैला, ऐन उन्हाळ्यात, बायका तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी चालायच्या. ज्याचा पाय बरा व्हायचा तो मेणाचा पाय वाहायचा, हात बरा झाला तर मेणाचा हात, आणि काहीजण तर स्वतःच्या वजनाएवढी मेणबत्ती आणायचे. आठवडाभर पोटासाठी राबणारी माणसं ही, त्यांनी हे जत्रेची हौस म्हणून केलं असं मला तरी म्हणवत नाही.

आणि संपलं वगैरे काही नाहीये. बहुतेक इटालियन कुटुंबं तिथून उपनगरात गेली हे बरोबर, पण उत्सव आजही होतो आणि गेली कित्येक वर्षं हैतीचे लोक बसेस भरभरून येतात, त्याच मूर्तीसमोर त्यांच्या क्रेओल भाषेत गातात.