कोणाचा तरी कोट

महाराष्ट्रात नेमाने कोट घालणारी माणसं मोजकीच: वकील, टीसी, बँडवाले, मोठ्या हॉटेलातले मॅनेजर आणि नवरदेव. नवरदेव एक संध्याकाळ घालतो, बाकीचे पोटासाठी घालतात. यांपैकी कोणीही नसलेल्या माणसाने पन्नाशीच्या आसपास, निव्वळ आपल्याला बरा दिसेल म्हणून कोट घ्यायला निघावं, हे आपल्याकडे अजून रुळलेलं नाही. मी निघालो, कारण भाचीचं लग्न होतं. तेही मे महिन्यात, नागपूरला. रिसेप्शनच्या फोटोत मी या खेपेला तरी नुसता शर्ट खोचून उभा राहायचं नाही, असं घरात बहुमताने ठरलं. बहुमत म्हणजे बायको आणि मुलगी.

तसा घरात एक कोट आहे. लग्नातला. पण तो मी निवडलेला नाही. जावयाला सुटाचं कापड द्यायची रीत. कापड सासऱ्यांच्या पसंतीचं, रंग सासऱ्यांच्या आवडीचा, शिंपी सासऱ्यांच्या ओळखीचा. मी फक्त त्यात उभा राहिलो. आता तो दर पावसाळ्यानंतर कपाटातून निघतो, ऊन खातो आणि डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला परत जातो. बटण आणि काज यांची भेट होऊन बरीच वर्षं झाली. सासरे अजून विचारतात, "सूट वापरता की नाही?" मी म्हणतो, "जपून वापरतो." हे अगदीच खोटं नाही.

मागच्या पिढ्यांना हा प्रश्नच पडत नसे. पणजोबांचा फोटो आहे आमच्याकडे: खाली धोतर, वर बंद गळ्याचा काळा कोट, डोक्यावर टोपी. शाळामास्तर, कारकून, वैद्य, सगळे असेच दिसायचे. धोतरावर कोट शोभतो का, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. साहेबाचा कोट घेतला, पँट त्याची त्याला राहू दिली. इतका आत्मविश्वास आज एखाद्याच्या अंगात असेल तर त्याला लोक स्टायलिस्ट म्हणतील आणि तो पैसे घेईल.

आणि कोट ज्यांनी खऱ्या अर्थाने आपला केला, ते बाबासाहेब. 1967 साली संसदेच्या आवारात बसवलेला पुतळा घ्या, नाहीतर कुठल्याही गावातल्या चौकातला. तो कोट हौसेचा नाही. ज्यांनी काय नेसावं आणि काय नेसू नये हेही दुसऱ्यांनी ठरवलं होतं, त्या सगळ्यांच्या वतीने घातलेला आहे. त्याच्यापुढे 'मला नेव्ही ब्लू खुलेल की राखाडी' हा प्रश्न फारच किरकोळ ठरतो. पण किरकोळ असला तरी तो मला सोडवायचा होता, आणि तिघांनी मिळून.

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात शिरलो. सेल्समनने विचारलं, "सर, ऑफिससाठी की फंक्शनसाठी?"

"लग्न आहे. भाचीचं."

"म्हणजे मामा!" तो एकदम खूश झाला. मामांसाठी त्याच्याकडे वेगळा रॅकच होता. मरून, मोरपंखी, सोनेरी किनारीचं काळं आणि दिवे गेले तरी मामा सापडावा इतकं चकाकणारं एक निळं. अंतरपाटाजवळ उभं राहणारा माणूस झळकलाच पाहिजे, या मतावर तो ठाम होता. मी म्हटलं, "साधं काही?" त्याने माझ्याकडे थोड्या काळजीने पाहिलं.

तयार कोटाचा सगळा हिशेब छातीवर चालतो. 38, 40, 42. तयार सूट कापताना कंबर छातीपेक्षा साधारण 6 इंच कमी असेल असं धरतात. छाती आणि कंबर यांत माझ्याकडेही फरक आहे, फक्त तो उलट दिशेला आहे. 40 नंबर खांद्याला नेमका बसला. पुढे मात्र दोन्ही पल्ल्यांची तोंडं कायमची फिरलेली. 42चं बटण लागलं, तर खांदे दंडावर आले. "उघडाच ठेवायचा सर," सेल्समन म्हणाला, "सध्या तेच चालतं." शेवटचं बटण लावायचं नसतं हे मला माहीत होतं. एकही लावायचं नसतं हे नवीन होतं.

ट्रायल रूममधून मी एकेक कोट घालून बाहेर यायचो आणि मुलगी निकाल द्यायची. काळा घातला: "बाबा, टीसी." मरून घातला: "क्लॅरिओनेट कुठाय तुझं?" बंद गळ्याचा जोधपुरी मला स्वतःला फार रुबाबदार वाटला होता. तिने शांतपणे विचारलं, "आता गाडीचं दार उघडणार का तू?" मग बायको म्हणाली, कोट जाऊ दे, कुडत्यावर नुसतं जाकीट घालून बघा. घातलं. दुकानातल्या अनोळखी आजोबांनी मला पाहून नमस्कार केला. मीही दोन्ही हात जोडून, मान किंचित वाकवून, हसून नमस्कार केला. आजोबा जवळ आले आणि त्यांच्या गल्लीतल्या पाण्याविषयी बोलू लागले. बायकोने ते जाकीट तिथल्या तिथे काढायला लावलं.

शेवटी पेठेतल्या एका बोळात मास्तरांकडे गेलो. अशा कामाला मास्तरांकडेच आधी जावं, हे माझं मत आता पक्कं आहे. तयार कोट पाहायचाच तर एकट्या खांद्याकडे पाहायचं, असं ते सांगतात. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, पण खांदा उकलायची वेळ आली की तो कोट गेलाच म्हणायचा. मापं घेताना ते आकडे मोठ्याने ओरडतात आणि कोपऱ्यातला पोरगा वहीत लिहितो. "छाती 40!" इथपर्यंत ठीक होतं. पुढच्या आकड्यासाठी मी श्वास घेतला आणि रोखून धरला. मास्तर टेप धरून थांबले. बराच वेळ थांबले. "सोडा साहेब," ते म्हणाले, "जेवायच्या पंगतीत नाही धरवणार."

नागपूर ऐकून त्यांनी लोकर सुचवली. बायको हसायला लागली. पण मास्तर गंभीर होते. पातळ, सुट्या विणीच्या लोकरीतून हवा खेळते. माणूस शिजतो तो आतल्या पॉलिस्टरच्या अस्तराने. म्हणून पाठीला अर्धंच अस्तर, बक्रम हलकं, खांद्यात पॅड नाही. वकिलांनासुद्धा सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडलं तर उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. मंगल कार्यालयाला अशी दयाबुद्धी कोण शिकवणार? हे सगळं पटलं. मग लोकरीचा भाव ऐकला आणि आम्हाला लिनन जास्त पटलं. मोठ्या पन्ह्याचं 2 मीटर, मातकट रंगाचं.

"चुरगळणार हे," मास्तर म्हणाले. "इस्त्री करून दारापर्यंत जाल, तोवर कोपरात चुण्या. चुरगळत नसेल तर लिनन म्हणून त्यांनी भलतंच काहीतरी दिलंय, समजा."

पहिल्या ट्रायलला कोटाला एकच बाही होती, अंगभर कच्चे टाके आणि खडूच्या रेघा. मुलगी माझ्याभोवती एक चक्कर मारून आली.

"हं. हा तू वाटतोस."

"म्हणजे कोण?" मी आशेने विचारलं.

"कोणी नाही रे. तूच. थोडा चुरगळलेला, एक बाजू व्हायची राहिलेली."

इतक्या वर्षांत माझ्या व्यक्तिमत्त्वाविषयी कोणी इतकं थोडक्यात बोललं नव्हतं. मी दुसरी बाहीही लावायला सांगितली.

नागपूरला हॉलमध्ये एसी होते आणि ते चालूही होते, पण मेमधल्या नागपूरच्या हवेशी त्यांनी लढायचं तरी किती! निम्मे पुरुष नव्या कोटात घामाघूम. पाठमोरे पाहिले की मागच्या कटावरची ती फुलीची शिवण तशीच. कारखानदार वाहतुकीपुरती घालतो ती, आणि लोक नक्षी समजून जपतात. एकाच्या बाहीवर कंपनीचं लेबल होतं. खिशात हात घालायला गेलेल्या एका काकांना खिसे शिवलेले आहेत हे ऐन फोटोच्या वेळी कळलं. या सगळ्यांत मी मोकळ्या पाठीचा, वारा खात उभा होतो, आणि खरं सांगायचं तर जरा तोऱ्यात होतो. कोणीही मला टीसी समजलं नाही. जेवणाचं काउंटर कुठे, असंही कोणी विचारलं नाही.

एवढ्यात एक गृहस्थ अदबीने जवळ आले. "सर, कोणत्या कॉलेजात आहे जी तुम्ही?"

मी कोपराकडे पाहिलं. मातकट लिनन, भरपूर चुण्या, खिशाला पेन. "आता कुठेच नाही," मी म्हणालो. शब्दशः खरं.

"म्हणजे रिटायर झाले. वाटलंच मला. सर, मुलगा बारावी झाला. कॉम्प्युटर घ्यायला लावू की मेकॅनिकल?"

माझ्या मागे आणखी दोघं येऊन थांबले होते. एकाच्या हातात मार्कशीटचा फोटो उघडलेला मोबाइल. बायको लांबून खुणा करत होती. मी कोट नीट केला, घसा खाकरला आणि विचारलं, "गणितात किती आहेत?"