दुरुस्तीची वाटच बंद केल्यावर

वस्तू लवकर टाकून देण्यास ग्राहकाची हौसच कारणीभूत आहे, हे लेखातील मत मला अर्धेच पटते. आमच्या मिक्सरचे कार्बन (मोटारीला वीज पोहोचवणारे छोटे तुकडे) झिजले म्हणून तो कोल्हापुरातील लक्ष्मीपुरीत दुरुस्तीला नेला, तेव्हा कारागिराने तो उलटा करून दाखवला. तळाला एकही स्क्रू नव्हता, कवचाचे दोन्ही भाग चिकटवून टाकलेले होते, आणि किरकोळ किमतीच्या कार्बनसाठी अख्खे यंत्र भंगारात गेले. (भांडी मात्र अजून धडधाकट आहेत!) विजेच्या दिव्यांचे आयुष्य १००० तासांवर रोखण्याचा करार बड्या उत्पादकांनी १९२४ मध्येच केला होता, तेव्हा ही खोड जुनीच म्हणायची. याउलट २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली अस्सल कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीने शिवलेली असल्यामुळे उसवली तरी पुन्हा शिवता येते.