चादरीवर ऑपरेशन करतं का कोणी?

आज ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, टेबलावर टांगायच्या नवीन लाइटचा डेमो होता. रिकामं टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर लख्ख गोल. कंपनीचा माणूस म्हणाला, "1,60,000 लक्स!" लक्स म्हणजे उजेडाचं माप. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, मी हलवून बघू का? तर त्यानेच हात वर करून फिरवून दाखवला. सहा फुटी माणूस! घरी येऊन दोन तास झाले, तरी राग जात नाहीये.

माझी उंची चार फूट अकरा इंच. ओटीतल्या निम्म्या सिस्टर माझ्याएवढ्याच.

एक रात्र सांगते. सिझेरियननंतर रक्तस्राव थांबत नव्हता. मी स्क्रब होते, म्हणजे हात धुऊन, गाऊन-ग्लोव्हज घालून इन्स्ट्रुमेंट देणारी सिस्टर. ऑपरेशन करणाऱ्या सरांचे दोन्ही हात आत, दाब धरून. टेबलावर तीन डोकी वाकलेली, दोन्ही लाइट त्या डोक्यांच्या मागे, आणि पेल्विसच्या (ओटीपोटाच्या) तळाशी काळोख. "सिस्टर, लाइट!" मी टाचा उंचावून हँडल ओढलं. सोडलं की लाइट हळूहळू परत जागेवर. ब्रेक ढिला. शेवटी एका हाताने लाइट धरला आणि दुसऱ्याने इन्स्ट्रुमेंट देत राहिले.

स्क्रब केल्यावर हात छाती ते कमर एवढ्यातच ठेवायचे, हे पहिल्या दिवशी घोकून घेतात ना आपल्याकडून? मग निर्जंतुक हँडल डोक्याच्या वर का? ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेलं) हँडल धरायला गाऊनची बाही कुठपर्यंत वर जाते, ते कोणी बघितलंय?

हॅलोजन गेले आणि डोक्यावरची भट्टी गेली, हे मान्य. एलईडीने तेवढं सुख दिलं.

पण उजेड कमी होता म्हणून त्या रात्री अडलं नव्हतं. मी फ्लोअरच्या, म्हणजे स्क्रब न केलेल्या, सिस्टरला "फुल करा" म्हटलं, तिने केलाही. काय झालं? जखमेच्या कडा आणि रक्त टिपायचे ओले मॉप असे चमकायला लागले की डोळे दिपले. बाहुल्या आकसल्या, तळ आणखीच काळा. उजेड नजरेच्या रेषेत आत उतरला तरच तळ दिसतो. म्हणून तर डीप केसला हेडलाइट लावतात. तो चांगलाच, नाही म्हणत नाही, पण चार तास ते ओझं कपाळावर घेऊन वाकलेल्या मानेचं काय? आणि लॅप्रोस्कोपीला (दुर्बिणीच्या ऑपरेशनला) खोलीत अंधार केल्यावर भूलतज्ज्ञ मॅडम मोबाइलच्या टॉर्चमध्ये औषधाच्या अँप्युलवरचं नाव वाचतात, ते तर कुणाच्या खिजगणतीतच नाही.

त्या रात्री सर माझ्यावर ओरडले होते. "तुला एक लाइट धरता येत नाही?" कित्येक वर्षं मनात ठेवलं मी ते. आत्ता लिहिताना वाटतंय, त्यांच्या बोटांखाली एक आई वाहून चालली होती आणि त्यांना दिसत नव्हतं. माणूस ओरडणारच. वाचली ती. बाळही छान होतं. माझा उजवा खांदा मात्र अजून वेणी घालताना दुखतो.

आणि आज खरेदीच्या कागदावर रकाने कोणते? लक्स, रंगतापमान (उजेड पिवळट की निळसर), वॉरंटी. हँडल कुठवर खाली येतं? एका हाताने हलतं का? सोडल्यावर जागेवर राहतं का? तीन डोकी मध्ये आली तर तळाशी किती उजेड उरतो? एकही रकाना नाही. ज्यांच्या हाताने तो रोज हलणार, त्यांची सही तर नाहीच.

अजून ऑर्डर गेलेली नाही. तो माणूस गुरुवारी परत येतोय. माझी त्या दिवशीची सुट्टी मी रद्द केली आहे. टेबलावर चादर नाही, ऑटोक्लेव्हचा खोल ड्रम ठेवणार. तळाशी दोन धागे, एक लाल आणि एक गडद लाल. तिघांनी ड्रमवर वाकायचं, आणि गाऊन-ग्लोव्हज घालून लाइट मी लावणार, एका हाताने. वॉर्डबॉय मामांनी ड्रम काढून ठेवतो म्हटलंय. वाकायला दोघी हव्यात, गुरुवारी कोणाची मॉर्निंग ड्युटी आहे?