‘थंडीत कुठलंही होल्स्टर चालतं’: नाही, चालत नाही

नोव्हेंबर लागला की मिनेसोटातल्या आमच्या ओळखीच्या पिस्तूलधारकांमध्ये एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय ते असं: थंडीत जाड जॅकेट सगळं झाकतं, त्यामुळे उन्हाळ्यातलं लहान पिस्तूल बाजूला ठेवा आणि पूर्ण आकाराचं बाळगा. होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायचं म्यान, कुठलंही चालेल, नाहीतर कोटाचा खिसा आहेच. मोठं पिस्तूल पँटच्या आत बसत नाही, म्हणून खांद्याचं होल्स्टर सगळ्यांत उत्तम. आणि कायडेक्स (होल्स्टरचं कडक प्लॅस्टिक) थंडीत तडकतं, तेव्हा चामडंच घ्या.

मी परवाना घेऊन नऊ वर्षं ग्लॉक १७ हे पूर्ण आकाराचं पिस्तूल बाळगतो आहे. थंडीत मोठं पिस्तूल बाळगणं सोपं जातं, एवढं यातलं खरं. बाकीचं वाचून कुणी तसं वागलं तर कुणाच्या तरी मांडीत गोळी जाईल, म्हणून हे लिहितो आहे.

त्याआधी, त्या मजकुरात नसलेली एक गोष्ट. तो नुकतेच इथे आलेले आपले लोकही वाचत आहेत. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार पिस्तूल किंवा काडतुसं जवळ ठेवता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला न विचारता कुणी दुकानात जाऊ नये. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. पिस्तूल अंगावर बाळगायचे नियम पुन्हा राज्यागणिक वेगळे.

आता कोटाचा खिसा. सतरा गोळ्यांचं भरलेलं मॅगझिन लावलेलं ग्लॉक १७ नऊशे ग्रॅमच्या थोडं वर भरतं. एवढं वजन खिशात टाकलं की कोटाची एक बाजू लोंबते, चालताना मांडीवर आपटते, आणि कुणालाही ते कळतं. पण दिसण्याचा प्रश्न दुय्यम आहे. या पिस्तुलाला अंगठ्याने लावायचा वेगळा सुरक्षेचा खटका नाही. ट्रिगरला काहीही लागू न देणं ही त्याच्या सुरक्षिततेतली सर्वांत मोठी अट. त्याच खिशात किल्ल्या, हातमोजे, ओठांना लावायच्या मलमाची डबी. होल्स्टरचं पहिलं काम लपवणं नसून ट्रिगर झाकणं आहे, आणि खिसा ते करत नाही.

होल्स्टर नसलं की काय होतं त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण प्लॅक्सिको बरेसचं. न्यूयॉर्क जायंट्सचा हा फुटबॉलपटू नोव्हेंबर २००८ मध्ये मॅनहॅटनच्या एका नाइटक्लबमध्ये ग्लॉक नुसतं कमरेला खोचून गेला होता. पिस्तूल पायाकडे घसरलं, ते धरायला हात गेला आणि गोळी स्वतःच्याच मांडीत शिरली. न्यूयॉर्कचा परवाना त्याच्याकडे नव्हताच, त्यामुळे पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली. पिस्तूल घसरताना ते पकडायला हात जाणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. कितीही सावध माणूस असला तरी ती होते.

खिशाबद्दल माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे. जानेवारीत कुणाकडे हळदीकुंकू किंवा संक्रांतीचं जेवण असतं. तीस-चाळीस माणसं येतात. दाराजवळच्या कपाटात एवढे कोट मावत नाहीत, मग ते आतल्या बेडरूममध्ये पलंगावर रचले जातात. आणि पोरं नेमकी तिथेच खेळतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका घरी माझी मुलगी त्या ढिगात शिरून लपाछपी खेळत होती. त्यातल्या एखाद्या खिशात पिस्तूल असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. हा मजकूर वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही. घरात शिरताना जे अंगावरून उतरतं, त्यात पिस्तूल असता कामा नये. देवळातल्या कोटांच्या खुंटीवर नाही, ऑफिसातल्या खुर्चीच्या पाठीवर नाही, कुठेच नाही.

‘जॅकेट सगळं झाकतं’ हे विधानही इथेच लंगडं पडतं. बाहेर झाकतं. पण हिवाळ्यात माणूस बाहेर असतो किती वेळ? पार्किंगपासून दारापर्यंत. आत आलं की जॅकेट निघतं आणि कमरेवरचं पिस्तूल सगळ्यांसमोर येतं. मिनेसोटाचा परवाना पिस्तूल लपवलंच पाहिजे असं म्हणत नाही. इलिनॉयचा कायदा मात्र ते पूर्णपणे किंवा बहुतांशी झाकलेलं असावं असं सांगतो. कायदा काहीही असो, रेस्टॉरंटमध्ये शेजारच्या टेबलावरची बाई दचकावी असं कुणाला वाटतं? म्हणून होल्स्टर निवडताना जॅकेट हिशेबात धरायचंच नाही. त्याच्या आतला थर धरायचा: न खोचलेला जाड फ्लॅनेलचा शर्ट, समोरून उघडी लोकरी बंडी, लांब स्वेटर. त्या थराखाली जे लपतं तेच तुमचं हिवाळ्यातलं होल्स्टर.

मोठं पिस्तूल पँटच्या आत बसत नाही, हा समज नळीकडे बघून झालेला आहे. ग्लॉक १७ ची नळी ११४ मिलिमीटर, त्याच्याहून लहान ग्लॉक १९ ची १०२. म्हणजे फरक जेमतेम बोटाच्या रुंदीएवढा, आणि तो पट्ट्याखाली पँटमध्ये जातो. कपड्यावर उठून दिसते ती मूठ, कारण ती पट्ट्याच्या वर असते आणि अंगापासून लांब पळते. तिला आत वळवणं हाच सगळा खटाटोप. पोटाजवळ बाळगायच्या होल्स्टरला ट्रिगरपाशी पंखासारखा एक छोटा तुकडा बसवता येतो. तो पट्ट्यावर टेकून मूठ अंगाकडे ढकलतो. कमरेच्या बाजूला बाळगणार असाल तर पंधरा अंशांच्या आसपास पुढे झुकवलेलं होल्स्टर तेच काम करतं. नळी जरा लांब असली तर खालचा भाग मांडीला टेकून वरचा उलट आत दाबला जातो, म्हणजे लांबीचा इथे फायदाच होतो. पँट एक माप मोठी आणि दीड इंच रुंदीचा, पिळला तरी न वळणारा पट्टा लागतो. साध्या ऑफिसच्या पट्ट्यावर कितीही महागडं होल्स्टर लोंबतंच.

हिवाळ्यात माझी स्वतःची पसंती पट्ट्याच्या बाहेरच्या, अंगालगत वळवलेल्या होल्स्टरला आहे. बेंबीपाशी बारा वाजले असं धरलं तर घड्याळाचा काटा तीन-चारवर असतो त्या जागी. लांब शर्टाखाली ते नीट लपतं आणि थर्मल घातल्यावर पँटच्या आत जी गर्दी होते ती टळते. पाठीच्या कण्यावर, बरोबर मध्यभागी मात्र कुणीही बाळगू नये. आमच्याकडे डिसेंबर ते मार्च फुटपाथवर बर्फाची काच असते. पाय सटकून माणूस पाठीवर पडला की कणा आणि फरशी यांच्यामध्ये तो लोखंडाचा तुकडा असतो. बर्फाचा विचार होल्स्टरच्या पकडीसाठीही करायला हवा. रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून, खाली गादी ठेवून, उलटं धरून हलवा. निसटलं तर ते होल्स्टर परत करा.

खांद्याच्या होल्स्टरबद्दल थोडक्यात. लांबच्या ड्रायव्हिंगला ते सोयीचं आहे, हे मान्य. पण ते लपायला वरचं वस्त्र अंगावर राहावंच लागतं, म्हणजे पुन्हा तोच कोट. आडव्या प्रकारात नळी मागच्या माणसाकडे रोखलेली असते आणि बाहेर काढताना ती बाजूच्या माणसांवरून, बेसावध असलात तर स्वतःच्या दंडावरूनही फिरते.

चामडं की कायडेक्स? कायडेक्स थंडीत जास्त ताठ होतं, हे खरं. पण कपड्यांच्या तीन थरांखाली, अंगाला टेकलेलं होल्स्टर बाहेरच्या उणे वीसला पोचतच नाही. चांगलं चामडंही उत्तम असतं. मात्र वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि घाम यांनी वर्षानुवर्षं मऊ पडलेल्या चामड्याचं तोंड मिटतं आणि पिस्तूल आत घालताना त्याची घडी ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत, शिरू शकते. कुठल्याही पिस्तुलाला बसणाऱ्या नायलॉनच्या पिशव्यांचं तर नावच नको.

निवडताना आणखी एक बघा: पिस्तूल आत असतानाच अख्खं होल्स्टर पट्ट्यावरून काढता येतं का? मंडळाचे बरेच कार्यक्रम भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात, आणि शाळेत पिस्तूल नेता येत नाही. पार्किंगमध्ये बोटं गारठलेली असताना भरलेलं पिस्तूल बाहेर काढून हाताळण्यापेक्षा, क्लिपा सोडवून होल्स्टरसकट ते गाडीतल्या कुलूपबंद पेटीत ठेवणं कितीतरी सुरक्षित. चांगली क्लिप असेल तर हे काही सेकंदांत होतं. त्यातही, शाळेच्या आवारात शिरायच्या आधीच गाडी थांबवून हे उरकावं.

आणि जॅकेटचं सगळ्यांत घातक अंग त्या मजकुरात आलेलंच नाही. हिवाळी जॅकेटांच्या खालच्या काठात ताणाची दोरी असते आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकची गाठ. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना ती गाठ ट्रिगर गार्डमध्ये अडकली की खाली दाबणारा तुमचाच हात ट्रिगर ओढतो. होल्स्टर कितीही चांगलं असलं तरी ते हे थांबवू शकत नाही. सरावात, रिकाम्या पिस्तुलाने आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, मी हे मुद्दाम करून पाहिलं. पाचव्या खेपेला ट्रिगरचा खट आवाज आला. तेव्हापासून पिस्तूल परत घालताना डाव्या हाताने जॅकेट छातीपर्यंत वर धरतो, मान खाली घालून होल्स्टरचं तोंड बघतो आणि मग सावकाश आत सारतो. माझ्या तिन्ही जॅकेटांच्या दोऱ्या मी त्याच संध्याकाळी कात्रीने कापून टाकल्या.